बरी टिकलेली एमजीबी: घ्यावी कशी आणि जागी करावी कशी

पत्रा बघून गाडी घ्यायची, इंजिन बघून नाही. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो. सगळे मान डोलावतात आणि विकणाऱ्याच्या दारात पोचले की आधी बॉनेटच उघडायला लावतात. चकचकीत रॉकर कव्हर, पॉलिश मारलेले कार्ब्युरेटर, की गडी खूश. पण या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. दोन्ही दारांखाली पत्र्याच्या पोकळ तुळया असतात, त्यांना सिल म्हणतात. गाडीचा ताठपणा मुख्यतः त्यांच्यावर. इंजिन थकलेलं निघालं तर ते उतरवता येतं, आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. सिल सडले असतील तर ते कापायचे, दारांच्या फटी राखून नवे जोडायचे, मडगार्डाचे खालचे तुकडे बदलायचे आणि मग रंग. यात गाडीच्या किमतीएवढे पैसे सहज जातात.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामांचं गॅरेज होतं, शाळेच्या सुट्ट्या तिथं पाने पुसण्यात गेल्या. आता बरीच वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आहे. इकडं पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा हसूच आलं, कारण आत अँबॅसिडरचा भाऊ बसला होता. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन: अँबॅसिडरमध्ये १४८९ सीसी, इथं १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर लावून साधारण ९५ अश्वशक्ती. ज्यानं अँबॅसिडरचे टॅपेट लावलेत त्याचा हात इथं आपोआप चालतो. माझा भाचा फोनवर विचारतो, "मामा, हेक्टरवाली एमजी का?" नाव तेच, अष्टकोनी बिल्लाही तोच. पण ही १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनलेली.

उघड्या टपाची रोडस्टर आणि १९६५ पासूनची बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, तेव्हा दुर्मीळ म्हणून कोणी भाव चढवत असेल तर हसून पुढं जा. शिवाय ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून मूळच्या साच्यांवर अख्खी नवी बॉडी काढून देते. म्हणजे नवीकोरी एमजीबी आजही जुळवता येते. कोरड्या जागी राहिलेली, कारखान्याचा रंग अंगावर असलेली, कोणी फार उघडझाप न केलेली गाडी मात्र पैसे टाकून बनवता येत नाही. तशी सापडली तर तिला नवी करायला जाऊ नका. जागी करा आणि तिथंच थांबा.

कुठल्या सालची

ऑक्टोबर १९६४ पासून क्रँकला तीनाऐवजी पाच बेअरिंग आली. १९६७ च्या अखेरीस मार्क टू ही दुसरी आवृत्ती आली, तेव्हापासून पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर न घासता पडायची सोय), डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजू अर्थला. त्याआधीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे. तिथं आजकालचा रेडिओ किंवा चार्जर नेहमीच्या पद्धतीनं जोडलात तर धूर निघेल. १९७४ च्या शेवटी अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली. वळणावर फरक कळतो. तरी रबरी बंपरवाल्या गाडीला नाक मुरडू नका, ती स्वस्त मिळते आणि पत्रा चांगला असेल तर क्रोमवाल्या सडक्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

माझं मत विचाराल तर १९६८ ते १९७४ मधली जीटी. टप बंद असल्यानं बॉडी ताठ आणि इंग्लंडातल्या पावसात मान ओली होत नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, असलेलीच बघा. १९७५ पर्यंत तो जादा पैसे भरून मिळायचा, म्हणून बऱ्याच गाड्यांत नसतो. तो नसला तर मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन इतकं ओरडतं की शेजारच्याशी बोलणं सोडून द्यावं लागतं.

बघायला जाताना

विजेरी, लोहचुंबक, पातळ फडकं आणि अंगाखाली घ्यायला जुनी सतरंजी. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर थंड इंजिनाचा काहीतरी त्रास लपवलाय असं धरून चाला.

मग सतरंजी टाका आणि खाली जा. सिलच्या तळाशी किल्ल्याच्या तटासारखी खाचाखाचांची पट्टी असते, इथले लोक तिला कॅसल सेक्शन म्हणतात. त्या खाचा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. त्यांच्या जागी सपाट पत्रा किंवा डांबरी अंडरसीलचा जाड थर दिसला तर जुन्या सडक्या सिलवर नवं झाकण चढवलंय असा संशय घ्या. सिलचं पाणी निचरायच्या फटी बुजवलेल्या असतील तर आत पाणी कधीपासून साठलंय कोण जाणे. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून, पुढच्या मडगार्डाच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यावरून आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथं पकड सुटते तिथं खाली पुट्टी आहे.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. मालकाची परवानगी घेऊन सिलच्या मध्यावर असलेल्या जॅकच्या जागी जॅक लावा, त्या बाजूची चाकं उचलली जाईपर्यंत चढवा आणि दाराची फट बघत राहा. फट आवळली, दार उघडताना घासायला लागलं, तर बॉडी मधून वाकतेय. तिथंच नमस्कार करून निघावं. जॅकवर गाडी असताना खाली मात्र शिरायचं नाही.

आता आत. गालिचा उचलून फ्लोअर बघा. १९७४ पर्यंत या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागं, फळीखालच्या दोन खोक्यांत असत. अ‍ॅसिड सांडून ती खोकी चाळण होतात. तिथूनच जवळ मागच्या स्प्रिंग-पाट्यांचं पुढचं टोक जिथं अडकवलेलं असतं ती जागा आहे, ती बोटानं चाचपा. पेट्रोलची टाकी वरच्या बाजूनं सडते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये ओली माती अडकून बसते. बाहेरून ते दिसत नाही. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येतो.

पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ असेल तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळी, गेलेत. दर ३००० मैलांना ग्रीस मारायचं असतं आणि नेमकं तेच कोणी करत नाही. तारांची चाकं असतील तर एकानं ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्यानं उचललेलं चाक पुढंमागं हिसडावं. कट्-कट् आवाज आला तर हबचे दाते झिजलेत.

इंजिन सगळ्यात शेवटी. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर हवं. निळा धूर, हेडपाशी पाण्याचे ओघळ, एवढं बघितलं की पुरे. टॅपेट थोडे वाजतातच. न वाजणारे टॅपेट बहुधा आवळून ठेवलेले असतात, आणि त्यानं व्हॉल्व्ह जळतात.

कागदांत तीन गोष्टी. व्ही-फाइव्ह-सी म्हणजे इथलं आरसी बुक. त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या पट्टीशी जुळवा. १९७० ची जीटी असेल तर सुरुवात जी-एचडी-५ अशी हवी, रोडस्टर असेल तर जी-एचएन-५. दुसरं, सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालायला लायक आहे का याच्या वार्षिक तपासण्यांचा, २००५ नंतरचा इतिहास फुकट दिसतो. त्यातले मैलांचे आकडे आणि गंजाबद्दलचे शेरे घरी बसून वाचा. तिसरं, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून पैसे भरून दाखला मिळतो: गाडी कुठल्या दिवशी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर कोणता.

माझी जीटी १९७० ची, गडद हिरवी, एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांनी गुडघे दुखायला लागल्यावर ती कोरड्या गॅरेजात ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, आणि पेट्रोलपंपाच्या पावत्यांसकट सगळे कागद एका बिस्किटाच्या डब्यात. असा डबा दिसला की घासाघीस जरा कमी करावी.

जागी करताना

गाडी ट्रेलरवर आणा. "चालू करून तर बघू" हा मोह तिथंही नको आणि घरीही नको. मामा म्हणायचे, "जी थांबत न्हाई ती चालू कशाला करायची?" म्हणून ब्रेक आधी.

पुढं डिस्क, मागं ड्रम. तीन रबरी नळ्या आहेत, तिन्ही बदला. बाहेरून धड दिसल्या तरी आतून फुगून बंद होतात, मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. मागचे व्हील सिलिंडर नवे घाला, स्वस्त आहेत. मास्टर सिलिंडर गळतोय का ते बघायला पेडलच्या वर हात घालून बोटं ओली होतात का ते पाहा. क्लचचंही तसंच. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढा. वर्षानुवर्षं हवेतलं पाणी पिऊन ते काळं झालेलं असतं.

मग पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून टाका. त्याला वार्निशासारखा वास येतो आणि ते जेट चिकटवून ठेवतं. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालंय आणि जुनं रबर ते खाऊन टाकतं. पंपावर सुपर घ्यायचं, ते ई-५ असतं. एसयूचा विजेवरचा पंप चावी फिरवली की टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. थांबलाच नाही तर कुठंतरी गळतंय किंवा हवा ओढली जातेय, लगेच चावी बंद. टकटक मुळीच आली नाही तर पंपावर पान्याच्या दांड्यानं हलकी टिचकी मारा. पॉइंट चिकटलेले असतात. टिचकीनं गाडी घरी पोचते, पुढं पॉइंट बदलावेच लागतात.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. नंतर चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातानं पुढंमागं ढकला. पिस्टन हलले तर पुढं जायचं. अडलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. जोर लावून रिंगा मोडण्यापेक्षा आठवडा गेलेला बरा. हललं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या इंजिनांसाठी काढलेलं २०-डब्ल्यू-५० घ्या. आजच्या पातळ ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण कमी असतं आणि या कॅमला ते लागतं. प्लग न लावताच सेल्फ मारा, प्रेशरचा काटा उठेपर्यंत. काटा उठल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत.

टॅपेटची फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), थंड असताना. डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंटही १५ थाऊ, प्लग २५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. रेडिएटर धुवा, होज आणि बेल्ट नवे. एवढं झालं की प्लग लावून चालू करा, आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवा.

गाडी गरम झाली की कार्ब्युरेटर. दोन्हींत हवा सारखी जातेय ना हे आधी बघा, नळी कानाला लावून फुसफुस ऐकली तरी कळतं. मग एकेकाची खालची पिन किंचित उचला. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा खाली बसला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. गाडी बंद पडायला लागली तर कमी. हा अंदाज हाताला बसला की मशीन लागत नाही.

वायरिंगबद्दल इकडं विजेचे भाग बनवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या नावानं भरपूर विनोद चालतात. बहुतेक वेळा दोष वायरचा नसतो, बुलेट कनेक्टर आणि अर्थ गंजलेले असतात. सगळे उघडा, घासा, परत लावा. अर्धे दिवे तिथंच लागतात.

टायरच्या खाचा किती खोल आहेत ते बघू नका, तारीख बघा. बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. स्पेअरसकट पाचही बदला.

४० वर्षांवरच्या गाडीला इथं अर्ज केला की रोड टॅक्स शून्य होतो आणि एमओटीही सक्तीची नाही. मी ती तरीही करून घेतो. कुणीतरी परकं माणूस खालून बघतं, तेवढ्या पैशांत दुसरा उपाय मिळत नाही. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे अपघातानंतर कंपनी जुनी गाडी म्हणून चार पैसे हातावर टेकवणार नाही.

काय करायचं नाही

रंग. माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डावर ओरखडे आहेत, बॉनेटच्या कडेला दगडांच्या चिपा उडाल्यात. उघडा पडलेला पत्रा गंजरोधक लावून बंद केला, बाकी हात लावला नाही. पोकळ सिलमध्ये मेण फवारलं, ते कुणाला दिसत नाही आणि तेच गाडी वाचवतं. सीटच्या शिवणी उसवल्या होत्या, त्याच कातड्याला परत दोरा घातला. क्रोम नवं करायला दिलं की शेजारचा रंग मळका दिसतो, रंग दिला की आतलं कापड जुनं दिसतं, आणि मग थांबायला जागा राहत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग, खराब असला तरी, चिठ्ठी लावून ठेवून द्या. मास्टर सिलिंडरचं ओतीव घर पुढं कधी तरी दुरुस्त होऊ शकतं.

पहिले ५०० मैल जवळपासच फिरा आणि मग ऑइल पुन्हा बदला, आतली जुनी घाण सुटून आलेली असते. नोव्हेंबरात इथं रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आत, बॅटरीला छोटा चार्जर लावून. हिवाळ्यात मधूनच पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय अनेकांना असते. ती नको. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरतं. कोरडा दिवस आणि कोरडा रस्ता मिळाला तर वीस मैल नीट गरम करून आणा, नाहीतर वसंतातला पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत तिला हात लावू नका.