नव्या पॅटर्नमध्ये शिकवायला येणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलात की लवकरच ‘नवा पॅटर्न’, म्हणजे अभ्यासक्रमाची नवी रचना, कानावर पडेल. पुणे विद्यापीठात २०१२, २०१५, २०१९, २०२४ असे पॅटर्न येत गेले. या बदलांचं खापर सहसा अभ्यासमंडळावर, म्हणजे सिलॅबस ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीवर, फुटतं. मी मेकॅनिकलला शिकवतो, सिलॅबसच्या बैठकांना बसलो आहे. तिथे कळतं की निम्मे निर्णय बैठकीआधीच झालेले असतात.

एक रेटा मानांकनाचा, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून मान्यता देण्याचा. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांना मान्यता देण्याचा आंतरराष्ट्रीय करार) पूर्ण सदस्य झाला आणि ‘काय शिकवलं’ याऐवजी ‘विद्यार्थ्याला काय करता येतं’ हे विचारलं जाऊ लागलं. सीओ-पीओ मॅपिंगचे तक्ते त्यातून आले; एका विषयातून काय साधतं (कोर्स आउटकम) ते पूर्ण पदवीच्या उद्दिष्टांशी (प्रोग्राम आउटकम) जोडून दाखवणारे. नव्या शिक्षकांना ती कारकुनी वाटते. पण आपलीच प्रश्नपत्रिका प्रामाणिकपणे त्या तक्त्यात बसवून बघा. पाठांतराचे प्रश्न किती आहेत ते लगेच दिसतं.

खरी ओढाताण क्रेडिटची. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१८ च्या मॉडेल करिक्युलममध्ये चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटवर आणली. आठवड्याला लेक्चरचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक. इंटर्नशिप त्यातच बसवायची, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर दुसऱ्या शाखेतलं मायनरही (जोडीचा दुय्यम विषयसंच). म्हणजे नवं काही आणायचं तर जुनं काही काढावंच लागतं. २०१९ पॅटर्नला पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना पायथॉन आलं, ते मला मनापासून पटलं. आता चाकणच्या पट्ट्यात इलेक्ट्रिक गाड्यांचं काम वाढतंय, तेव्हा बॅटरी आणि मोटर कंट्रोल शिकवा ही मागणीही रास्त आहे. मात्र त्यासाठी हीट ट्रान्सफरचे (उष्णता कशी वाहते त्या विषयाचे) तास कापले, तर बॅटरी थंड कशी ठेवायची हे मुलं कशाच्या जोरावर शिकणार? कंपनीचा माणूस एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव घेतो तेव्हा मी विचारतो, त्यावर तुम्ही नेमकं काय काढता? उत्तरात बहुतेकदा जुनाच एखादा मूलभूत विषय निघतो. त्याचे तास वाचवायला हवेत.

परीक्षा बदलली नाही तर यातलं काहीच वर्गात उतरत नाही. मुलं मागच्या प्रश्नपत्रिका बघून अभ्यास करतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

नवा सिलॅबस हातात आला की जुना शेजारी ठेवा. कुठलं युनिट गेलं आणि पुढच्या सेमिस्टरचा कुठला विषय त्यावर उभा होता, ते आधी शोधा. लॅबला नवी उपकरणं लागणार असतील तर मागणी आदल्या सेमिस्टरलाच द्या, खरेदीला वेळ जातो. आणि सेमिस्टर संपताना अभ्यासमंडळाला लेखी अभिप्राय पाठवा. ‘सिलॅबस जड आहे’ एवढ्याने काही हलत नाही. ‘तिसऱ्या युनिटला सहा तास दिलेत, प्रत्यक्षात नऊ लागले, कारण मुलांना डिफरन्शिअल इक्वेशन्स अजून शिकवलेली नव्हती’ असं लिहिलंत तर बैठकीत त्यावर बोलणं होतं.