घरच्या घरी व्हिस्की आणि बर्बन: चाखायची कशी, जमवायची कशी

एकच बाटली उघडून कितीही मन लावून घोट घेतले तरी व्हिस्कीबद्दल फारसे कळत नाही. आवडली किंवा नाही आवडली, एवढाच निकाल लागतो. शेजारी दुसरा ग्लास ठेवला की मात्र फरक बोलू लागतो: ही गोड, ती तिखट, हिला धुराचा वास, तिला अजिबात नाही. म्हणून घरी चाखताना एक नियम पक्का धरावा. दोन ग्लासांत एकच गोष्ट वेगळी असू द्या, बाकी सगळे सारखे. कोणती बाटली पुन्हा घ्यायची आणि कोणती नाही, हे ठरवतानाही हाच नियम उपयोगी पडतो.

सामान

तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा ग्लास घ्या. ग्लेनकेर्न नावाने मिळणारा ग्लास याच घडणीचा आहे; लहान वाइन ग्लासही चालतो. रुंद तोंडाचा, सरळ भिंतींचा ग्लास बर्फ घालून पिण्यासाठी छान, पण त्यात वास साठत नाही. महत्त्वाचे म्हणजे सगळे ग्लास एकाच आकाराचे हवेत. वेगवेगळ्या ग्लासांत ओतलेली एकच व्हिस्की दोन वेगळ्या व्हिस्क्या वाटू शकते.

ग्लास गरम पाण्याने धुवा, साबण वापरलाच तर अगदी थोडा, आणि हवेवर वाळू द्या. कपाटात उलटे ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा आणि धुळीचा वास कोंडतो, म्हणून ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगायची सवय लावून घ्या. वास आला तर पुन्हा विसळा.

याशिवाय सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज, क्लोरीनचा वास नसलेले साधे पाणी, ग्लासांवर झाकायला छोट्या बशा आणि एक वही. सिरिंज ऐच्छिक समजू नका. अंदाजाने पाणी घालणाऱ्याला आज आवडलेली चव उद्या परत मिळत नाही.

एका ग्लासात १५ मिली पुरेशी होते. ७५० मिलीच्या बाटलीतून असे ५० नमुने निघतात. एका बैठकीत चारपेक्षा जास्त ग्लास मांडू नका. चौथ्यानंतर नाक थकते आणि नोंदी एकसारख्या होऊ लागतात. ४५ टक्क्यांच्या व्हिस्कीचे असे चार ग्लास म्हणजे साधारण २१ ग्रॅम अल्कोहोल. अमेरिकेत एक प्रमाण ड्रिंक १४ ग्रॅमचे धरतात, त्या हिशेबाने हे दीड ड्रिंक झाले. पोटात अन्न असू द्या, आणि त्यानंतर गाडी चालवायची असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी ठेवा.

लेबल वाचायला शिका

योग्य जोड्या लावायच्या तर बाटलीत काय आहे ते लेबलवरून ओळखता आले पाहिजे. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनवलेली अमेरिकी व्हिस्की; तिचे नियम अमेरिकी कायद्याने बांधलेले आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर नाही, म्हणजे धान्याची चव पूर्ण पुसली जात नाही. पिंपात भरताना कमाल ६२.५ टक्के, बाटलीत किमान ४०. पिंप ओक झाडाच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून कोळशाचा थर चढवलेले. रंग किंवा स्वाद वरून घालायला मनाई. ‘स्ट्रेट’ लिहिले असेल तर किमान दोन वर्षे मुरवलेली; चार वर्षांहून कमी असेल तर वय छापावेच लागते. म्हणून ‘स्ट्रेट बर्बन’ लिहिलेल्या बाटलीवर वय नसेल, तर ती किमान चार वर्षांची आहे असे समजा.

‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्यातून आला. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरवलेला, आणि बरोबर ५० टक्के. शिकणाऱ्यासाठी हा शिक्का फार सोयीचा, कारण या वर्गातल्या कोणत्याही दोन बर्बन घेतल्या तरी ताकद, म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण, आपोआप सारखी असते.

स्कॉच म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की. तिला किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात काढावी लागतात, पण पिंप वापरलेले चालते. बर्बनला पिंप कोरेच लागत असल्यामुळे तिथे एकदा वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. तिथे थंडी, त्यात लाकडाचा पहिला जोर ओसरलेला. म्हणून स्कॉच सावकाश मुरते. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात कोऱ्या पिंपातली बर्बन सहा-आठ वर्षांत लाकडाने भरून जाते. दहा वर्षांची बर्बन आणि दहा वर्षांची स्कॉच यांच्या वयाची तुलना त्यामुळे निरर्थक ठरते. तीच गोष्ट रंगाची. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, तेव्हा गडद दिसते म्हणून जुनी असेल असे मानू नका.

जोड्या कशा लावाव्यात

धान्याचा फरक समजून घ्यायला मेकर्स मार्क आणि फोर रोझेस स्मॉल बॅच ही जोडी उत्तम. दोन्ही ४५ टक्के, दोन्ही केंटकीच्या बर्बन. मेकर्स मार्कमध्ये मक्याच्या जोडीला गहू असतो, फोर रोझेसमध्ये राय हे धान्य. गव्हाची मऊ, पावासारखी गोडी आणि रायचा मिरीसारखा चटका एकदा शेजारीशेजारी चाखला की नंतर अनोळखी बर्बनमध्येही ओळखू येतो.

पिंपाचा फरक कळण्यासाठी एकाच डिस्टिलरीच्या दोन बाटल्या घ्याव्यात. ग्लेनमोरँजी ओरिजिनल बर्बनच्या पिंपांत मुरते, तर त्याच डिस्टिलरीची लसांटा शेवटचा काळ शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत काढते. पहिलीत व्हॅनिला आणि संत्र्याची साल, दुसरीत मनुका आणि सुके अंजीर. ताकदीत थोडा फरक आहे, तो पाण्याने मिटवता येतो. हिशेब पुढे दिला आहे.

धुरासाठी स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या दोन व्हिस्क्या: बुनाहाव्हन १२ आणि आर्डबेग १०. बेट एकच, ताकद जवळजवळ सारखी, ४६ च्या आसपास. आर्डबेगची बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेली, बुनाहाव्हनच्या नेहमीच्या मालात धूर नावापुरताच. बुनाहाव्हनमध्ये शेरीची पिंपेही आहेत, त्यामुळे ही जोडी अगदी काटेकोर नाही, पण धूर म्हणजे नेमके काय हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे क्वचितच दाखवते.

चाखण्याच्या पायऱ्या

१. ग्लास मांडा, १५-१५ मिली ओता, बशीने झाका आणि दहा मिनिटे थांबा. ओतताच वर येणारी अल्कोहोलची झणझणीत वाफ नाकाला बधिर करते. ती बसू द्यावी लागते. क्रम कमी ताकदीकडून जास्तीकडे लावा. धुराची व्हिस्की नेहमी शेवटी, कारण तिच्यानंतर नाजूक काही कळतच नाही.

२. वास घ्या. इथे घाई करू नका, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग वासच असतो. ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा. तोंड किंचित उघडे ठेवा, छोटे श्वास घ्या. वाइनसारखा ग्लास जोरात फिरवून त्यात नाक खुपसले तर अल्कोहोलच वर उसळते आणि पुढची दोन मिनिटे वाया जातात. नाक थकले असे वाटले तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, मग परत या. दोन्ही ग्लासांत तीन-चार वेळा ये-जा करा. त्या दिवशी अत्तर, अगरबत्ती, फोडणी यांच्यापैकी काहीही खोलीत नको.

३. पहिला घोट अगदी लहान घ्या आणि त्यावर मत बनवू नका. तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून असतो.

४. दुसरा घोट अर्ध्या चमच्याइतका. दहा सेकंद तोंडात फिरवा, जिभेच्या कडांना आणि हिरड्यांना लागू द्या. मग गिळा किंवा थुंका. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. नव्या गोष्टी याच क्षणी उमगतात. चव किती वेळ रेंगाळते आणि शेवटी गोड होते, तुरट होते की कडवट, ते लिहा. जास्त काळ लाकडात राहिलेली बर्बन शेवटी जिभेला कोरड पाडते, कडक चहासारखी. हे लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचे काम.

५. आता पाणी. १५ मिलीत आधी अर्धा मिली घाला, हलवा, एक मिनिट थांबून पुन्हा वास घ्या. ठरावीक ताकदीवर आणायची असेल तर हिशेब सोपा आहे: ग्लासातले मिली गुणिले आहे ती ताकद, भागिले हवी ती ताकद, उत्तरातून आधीचे मिली वजा करा. ६० टक्क्यांची १५ मिली ५० वर आणायला ३ मिली पाणी, ४५ वर आणायला ५ मिली. जोडीतल्या दोन बाटल्यांची ताकद वेगळी असेल तर चढीला उतरवून दोन्ही समान करा, मगच तुलना करा.

पाण्याने वास का खुलतो, याचा एक धागा २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवला. धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो द्रवाच्या आत रेंगाळतो. मात्र ४० टक्क्यांच्या बाटलीत पाणी आधीच भरपूर असते. तिथे दोन-तीन थेंबांपुढे गेलात तर चव पातळ होते, आणि घातलेले पाणी काढता येत नाही.

६. रिकामे ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी त्यांचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेले असते आणि लाकूड, धूर, गोडवा स्पष्ट उरतो.

वहीत काय लिहावे? मोठमोठी वर्णने नकोत. तारीख, बाटली किती भरलेली होती, पाणी किती घातले, आणि तीन-चार शब्द. त्या शब्दांमागचे कारण माहीत असले की नोंदी पक्क्या होतात. व्हॅनिला येतो तो तापवलेल्या ओकमधल्या लिग्निन या घटकापासून. नारळासारखा वास ओकच्या लॅक्टोनमुळे, लवंगेचा युजेनॉलमुळे. पिकलेल्या केळ्याचा वास किण्वनात यीस्टने बनवलेल्या एस्टर या सुवासिक संयुगांचा, लाकडाचा नव्हे. म्हणजे नारळ आणि लवंग लिहिणारा पिंपाबद्दल लिहीत असतो, केळे लिहिणारा आंबवण्याबद्दल.

स्वतःची परीक्षा

लेबल दिसत असताना महागडी बाटली जास्त चवदार लागते. यावर उपाय एकच. दुसऱ्या कुणाला तीन ग्लास भरायला सांगा, दोन एकाच व्हिस्कीचे, एक वेगळा, खुणा तळाला. वेगळा कोणता ते ओळखा. नुसत्या नशिबानेही सरासरी तीनात एकदा बरोबर येते, म्हणून एका यशावर हुरळू नका. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करा. ओळखता येत नसेल तर त्या दोघींतली स्वस्त बाटली तुमच्यासाठी चांगली, आणि हे कळणे पैशाच्या मोलाचे आहे. सर्दी झालेली असताना, किंवा तिखट जेवण आणि कॉफीनंतर ही परीक्षा घेऊ नका.

प्रत्येक बाटली अशी अभ्यासूनच प्यावी असे मुळीच नाही. ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलसाठी ५० टक्क्यांची बाँडेड (बॉटल्ड इन बाँड) बर्बन ६० मिली, साखरेचा पाक ५ मिली, अँगोस्तुरा बिटर्स या कडवट अर्काचे दोन झटके, मोठा बर्फ, अर्धा मिनिट ढवळून वरून संत्र्याची साल पिळा. बर्फाचे पाणी होऊनही ५० टक्क्यांची बर्बन टिकून राहते, ४० ची विरघळून जाते. थंड झाल्यावर किंवा पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ झाली तर घाबरू नका. शीतगाळण (थंड करून गाळणे) न केलेल्या व्हिस्कीतले मेदाम्लांचे एस्टर ताकद ४६ च्या खाली गेली की बाहेर पडतात, एवढेच.

संग्रह

आधी सहा बाटल्या, सहाही उघड्या: गव्हाची बर्बन, रायची बर्बन, एक बाँडेड, एक आयरिश, एक शेरी पिंपातली स्कॉच, एक धुराची. सातवी घेताना स्वतःला विचारा की ही सहांपैकी कुणाशी जोडी लावेल. उत्तर नसेल तर ती फक्त जागा अडवेल. दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने मिळणाऱ्या बाटलीत तुम्ही टंचाईचे पैसे भरता, चवीचे नव्हे. शिवाय खासगी हातांतून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांत रिकाम्या बाटल्या भरून विकण्याचा धोका खराच आहे. ‘सिंगल बॅरल’, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली बाटली, आवडली तर पिंपाचा क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या पिंपाची चव वेगळी निघू शकते.

बाटल्या उभ्याच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलेली व्हिस्की बुचाला भिजवून कुजवते आणि त्याची चव उतरते. उन्हापासून दूर, फार तापत-गारठत नाही अशा कपाटात ठेवा. काचेत व्हिस्की मुरत नाही. बारा वर्षांची बाटली वीस वर्षांनीही बारा वर्षांचीच. फार काळ न उघडलेल्या बाटलीचे बूच कोरडे होऊन तुटते, म्हणून उघडण्याआधी ती क्षणभर तिरपी करून बूच ओले करा आणि पिळत पिळत काढा. तरी तुटलेच तर कॉफीच्या कागदी गाळणीतून स्वच्छ बाटलीत गाळून घ्या आणि जुन्या बाटल्यांचे एखादे चांगले बूच लावा. त्यासाठी चार-पाच बुचे कायम बाजूला ठेवावीत. शिशाच्या काचेच्या डिकँटरमध्ये (शोभेच्या सुरईत) साठवण करू नका. शिसे हळूहळू उतरते.

उघड्या बाटलीचा शत्रू म्हणजे आतली हवा. तीन चतुर्थांश भरलेली बाटली वर्षभर सहज टिकते. तळाशी चौथा हिस्सा उरला की वास मंदावू लागतो, धुराच्या व्हिस्कीत तर आधी धूरच ओसरतो. त्या टप्प्यावर उरलेली व्हिस्की १०० मिलीच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, नाव, ताकद आणि तारीख लिहा. याच छोट्या बाटल्या पुढे जोड्यांच्या कामी येतात: त्याच नावाची नवी बाटली घेतली की जुनीचा नमुना शेजारी ठेवून डिस्टिलरीने काही बदलले का ते तपासता येते.