चालता येतंय तोवरच बॅटरीच्या व्हीलचेअरचं काम काढा

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी), एएलएस, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा स्नायूंची ताकद घटवत वाढत जाणाऱ्या आजारांत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "अजून चालतोय ना, मग खुर्ची कशाला?" नेमका इथेच वेळ जातो. कागदपत्रं, मापं, खुर्चीची निवड आणि सराव यांत महिन्यांमागून महिने निघतात, आणि आजार तेवढं थांबत नाही. घरात भिंतीला धरून चालता येतं पण बाहेर शंभर पावलांत दम लागतो, आठवड्यातून एकदा तरी पडायला होतं, शाळेतून किंवा कामावरून आलं की पुढचे दोन तास फक्त पडून राहावं लागतं. यातलं एक जरी दिसलं तरी सुरुवात करा.

खुर्ची आली की पाय लवकर जातील, ही भीती जवळपास सगळ्यांना असते. पण ड्युशेनमध्ये मांडीचं हाड मोडलं की पुष्कळदा चालणं कायमचं बंद होतं, आणि हाड मोडतं ते पडल्यामुळे. खुर्ची लांबच्या अंतरासाठी वापरायची. घरातलं चालणं, उभं राहणं आणि स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील तसे चालूच ठेवायचे. वयाचीही फार चिंता नको. एसएमए असलेली दीड-दोन वर्षांची मुलंसुद्धा जॉयस्टिक (खुर्ची वळवायची-चालवायची छोटी दांडी) शिकतात.

पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या वैद्यकीय मंडळापुढे न्यूरोलॉजिस्टचा अहवाल व जनुकीय तपासणीची प्रत घेऊन जा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहेत. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, बॅटरीच्या साधनांसाठी त्याहून बरंच जास्त. म्हणून 'आजार वाढत जाणारा आहे' हे अहवालात लिहून घ्या आणि तब्येत उतरली की फेरतपासणी मागा. जुन्या टक्केवारीवर केलेला अर्ज परत येतो.

पैशांची बाजू. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत बॅटरीची ट्रायसायकल आणि व्हीलचेअर मिळते, पण १६ वर्षं पूर्ण झाल्यावरच. ड्युशेनची बरीच मुलं १० ते १४ या वयात चालणं थांबवतात, म्हणजे सर्वांत गरजेची वर्षं नेमकी योजनेबाहेर. त्या वयासाठी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दिव्यांगांचा ५ टक्के निधी, खासदार निधी आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा निधी) हे रस्ते एकाच वेळी चाचपा. एडिपची खुर्ची एकदा घेतली की पुढची काही वर्षं दुसरी मिळत नाही. त्यामुळे ट्रायसायकल समोर आली म्हणून लगेच सही करू नका. ती चालवायला दोन्ही हात आणि खांदे धड लागतात.

आता निवड. आजची नव्हे, दोन वर्षांनंतरची ताकद डोळ्यांसमोर ठेवा. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत किंवा मोठ्या रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे बसवून मापं घ्या. आसनाची रुंदी म्हणजे कमरेचं माप अधिक साधारण अडीच सेंमी. आसनाची खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंतचं माप वजा पाच सेंमी. 'वाढत्या अंगाचा आहे' म्हणून दोन इंच मोठी घेतली की मूल एका बाजूला कलंडतं, आणि चालणं थांबल्यावर पाठीचा कणा तसाही वाकायला लागलेला असतो.

घडीची २५-३० किलोची लिथियम खुर्ची गाडीच्या डिकीत मावते, पण तिची बैठक झोळीसारखी असते आणि आसन मागे कलत नाही. पुढे स्वतःहून कूस बदलता येईनाशी होते, तेव्हा आसन पाठीसकट मागे कलणारी खुर्चीच लागते, नाहीतर माकडहाडाशी जखमा होतात. विक्रेत्याला एक प्रश्न हमखास विचारा: "या कंट्रोलरला (खुर्ची चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) पुढे हनुवटीची किंवा डोक्याची कंट्रोल जोडता येते का?" उत्तर 'नाही' असेल, तर हात गेला की अख्खी खुर्ची बदलावी लागेल. मधली चाकं ओढणारी खुर्ची घरात जागच्या जागी वळते, पण गावच्या खडबडीत रस्त्यावर अडकते. तिथे मागच्या चाकांची बरी.

घर मोजताना चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडून पाकळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजा आणि बोटं खरचटू नयेत म्हणून खुर्चीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी धरा. रॅम्पचं प्रमाण १:१२. तीन सेंमीच्या उंबरठ्याला ३६ सेंमीची लाकडी पाचर, १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी. सोसायटीची लिफ्टही मोजा. हे राहून गेलं आणि खुर्ची तळमजल्यावरच अडकली, असं वारंवार होतं.

सराव घरातच, वेग सर्वांत कमी ठेवून. हातटेकण दोन सेंमी खाली असलं तरी खांदा झुकतो आणि दहा मिनिटांत हात सुटतो. आधी ते वर घ्या. बोटांची पकड ढिली असेल तर स्पंजचा चेंडू भोक पाडून जॉयस्टिकवर बसवा. तळहात त्यावर नुसता टेकला तरी पुरतो. चाकांजवळचे क्लच-लिव्हर (मोटर चाकांपासून सोडवणाऱ्या दांड्या) ओढले की खुर्ची ढकलता येते, पण ब्रेकही सुटतात, म्हणून उतारावर त्यांना हात लावायचा नाही. हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवा.

लेड-ॲसिड बॅटरी रोज रात्री पूर्ण चार्ज करा. उतरलेली तशीच ठेवली तर काही महिन्यांत दम तोडते. पावसाळ्यात जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी बांधा, पाणी शिरलं की कंट्रोलरच जातो. दर सहा महिन्यांनी, संध्याकाळी, हात थकलेला असताना, खुर्ची चालवायला सांगून बघा. तेव्हा बोटं जॉयस्टिकवरून घसरत असतील तर थेरपिस्टची तारीख त्याच आठवड्यात घ्या. आणि जुनी हाताने ढकलायची खुर्ची कुणाला देऊन टाकू नका, लिफ्ट बंद पडते त्या दिवशी तीच कामाला येते.