वजन तोडताय? रिंगमध्ये उतरण्याआधी या चुका टाळा

खासबागच्या मातीत वजनकाटा नसतो. वस्ताद दोघांची अंगकाठी बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात आणि जोड लावतात. कोल्हापूरच्या पोराची काट्याशी गाठ पडते ती मॅटवरच्या कुस्तीत, नाहीतर बॉक्सिंगमध्ये. आणि वजन तोडायचं, म्हणजे गटात बसण्यासाठी झपाट्यानं उतरवायचं कसं, हे तो तालमीतल्या मोठ्या पैलवानांचं बघूनच शिकतो. दोन दिवस पाणी बंद, अंगावर प्लास्टिक, वर जर्सी आणि रंकाळ्याभोवती पळापळ. कुस्तीतही हे धोक्याचंच आहे. पण बॉक्सिंगमध्ये ठोसे डोक्यावर पडतात. म्हणून ही रीत जशीच्या तशी उचलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

पाणी तोडलं की आधी रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाचे ठोके वाढतात, दम लवकर लागतो. वजन दिल्यावर, म्हणजे अधिकृत काट्यावर मोजून झाल्यावर, पाणी प्यायलं की रक्त तासाभरात सावरायला लागतं, पण पेशींतलं पाणी सावकाश भरतं. पूर्ण दिवस मिळूनही शरीर पूर्वपदावर येईलच असं नाही. काट्यावर जिंकलेला बॉक्सर तिसऱ्या राउंडला पाय ओढत का फिरतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं.

पौंड आणि किलो

प्रोफेशनल बॉक्सिंगच्या मर्यादा पौंडात असतात. वेल्टरवेट गट म्हणजे १४७ पौंडांपर्यंत, किलोत ६६.६८. लाइटवेट १३५ पौंड, म्हणजे ६१.२३ किलो. '६७ किलोचा गट' असं डोक्यात धरून बसलेला पोरगा काट्यावर ३२० ग्रॅमनं जास्त भरतो. करारात आकडा काय लिहिलाय, त्यात एखाद्या पौंडाची सूट आहे का, हे सही करण्याआधी वाचा. विजेतेपदाच्या लढतीत सूट नसते.

वजन कधी, हे न विचारणं

प्रोफेशनल लढतीत वजन साधारण आदल्या दिवशी होतं. हौशी स्पर्धेत ते सकाळी होतं आणि ज्या दिवशी लढत असेल त्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. व्हिडिओत प्रोफेशनल बॉक्सरचं बघून हौशी स्पर्धेआधी चार किलो पाणी काढणाऱ्याला ते भरून काढायला मोजके तासच मिळतात, आणि पुढच्या लढतीला तोच छळ पुन्हा. विनेश फोगाटचं २०२४ चं पॅरिस आठवा. ५० किलो गटात पहिल्या दिवशीचं वजन बरोबर होतं, अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं आणि पदक गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या कुस्तीआधी साधारण दहा तासांत ४.६ किलो उतरवले. पोरांच्या लक्षात अमन राहतो. त्याच्याबरोबर रात्रभर जागणारे जाणकार प्रशिक्षक होते, हे राहत नाही.

प्रोफेशनलमध्येही आता मोकळं रान नाही. विजेतेपदं देणाऱ्या जागतिक संघटनांपैकी आयबीएफनं लढतीच्या सकाळी पुन्हा वजन आणि मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त नको, अशी अट आणली. डब्ल्यूबीसी ही दुसरी संघटना लढतीच्या ३० दिवस आधीच वजन बघते. या नियमांमागे कारणं आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये बॉक्सर आर्टुरो गॅटी आदल्या दिवशी १४१ पौंडांच्या मर्यादेत बसला आणि रिंगमध्ये १६० च्या आसपास उतरला. समोरचा जोई गमाश दुसऱ्या राउंडला कोसळला, पुन्हा कधीच लढला नाही.

प्लास्टिक, गोळी, सलाईन

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत एवढा दमटपणा असतो की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यावर प्लास्टिक चढवलं की आतली उष्णता आतच राहते. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान असंच वजन तोडताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना दोन्हींवर बंदी आली.

लघवीची गोळी त्याहून वाईट. उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या वाडा या जागतिक संस्थेच्या यादीत ही औषधं कायम बंदी असलेली आहेत, आणि 'वजनासाठी घेतली' या सबबीनं कारवाई टळत नाही. सलाईनचंही तसंच. वजन देऊन ओळखीच्या दवाखान्यात बाटली लावून घेणं अनेकांना साधं वाटतं. बारा तासांत १०० मिलीहून जास्त द्रव शिरेतून घ्यायला, रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराखेरीज, बंदी आहे. आपली नेहमीची बाटली ५०० मिलीची असते.

मग वजन उतरवायचं कसं

सहा-आठ आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्धा ते एक किलो, तेही खुराकातलं तूप आणि थंडाई आवरून. प्रथिनं कमी करू नका. शेवटचे दोन-तीन दिवस भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या थांबवून मऊ भात घेतला तर आतडी हलकी होतात. मीठ थोडं कमी. पाण्यातून शेवटी अंगाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतच. ७० किलोच्या पोराला म्हणजे १.४ किलो. हिशोब यापुढे जात असेल तर वरच्या गटात लढा. आपले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला सहावे आले होते. हेलसिंकीत १९५२ ला कांस्य मिळवलं ते एक गट वर, बँटमवेटमध्ये.

रात्री ३०० ग्रॅम जास्त दिसले तर घाबरून पळायला जाऊ नका. झोपेत श्वास, घाम आणि सकाळची लघवी मिळून पाव-अर्धा किलो जातो. तुमचा किती जातो ते महिनाभर आधीच मोजून ठेवा. सकाळी लवकर पोहोचून अधिकृत काट्यावर चाचणी द्या, घरच्या काट्यावर भरवसा नको. तरीही किलोभर उरत असेल, तर प्रशिक्षकानं समोरच्या बाजूशी कॅचवेटची, म्हणजे दोघांना मान्य अशा वेगळ्या वजनाची, बोलणी करावीत. पैसे कापले जातील, लढत मोडेल, ते परवडतं.

वजन दिल्यावर थेट मटणाच्या ताटावर किंवा मिसळीवर बसू नका. आकसलेल्या पोटाला तिखट तर्री आणि तेल झेपत नाही. आधी ओआरएस, घोट-घोट, गेलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड लिटर, काही तासांत विभागून. मग मऊ भात, केळी, दही. तांबडा-पांढरा रस्सा लढतीनंतर.

वजन तोडताना घाम अचानक थांबला, बोलणं अडखळलं, उलटी झाली, पोरगा भ्रमिष्टासारखा करू लागला, तर स्पर्धा तिथंच सोडा. अंगावरचं प्लास्टिक फाडा, सावलीत घ्या, गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करून सरळ सीपीआर रुग्णालयात न्या, आणि किती तास पाणी बंद होतं, कुठली गोळी घेतली होती, हे डॉक्टरांना खरं सांगा.