स्वतःची कथा लिहिताना दुसऱ्याची कथा कशी वाचावी

कथा लिहायला घेतली की आवडत्या लेखकाची पुस्तके कपाटात बंद करून ठेवावीत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यामागची भीती खोटी नाही. दोन दिवस एखाद्याच्या तुटक, कोरड्या वाक्यांत रमलो की तिसऱ्या दिवशी आपली पात्रेही तशीच बोलू लागतात. तरीही हा उपाय मला पटत नाही. वाचन थांबवण्यापेक्षा ते केव्हा आणि कशासाठी करायचे, हे ठरवून घ्यावे.

पहिला खर्डा पुरा होईपर्यंत लिहायला बसण्यापूर्वी लगेच कथा वाचू नये. रात्री वाचावे आणि सकाळी लिहावे. मध्ये एक झोप गेली की दुसऱ्याच्या वाक्यांची लय बरीचशी विरते आणि रचना तेवढी लक्षात राहते.

वाचायला बसताना आपल्या खर्ड्यातील अडचण सोबत न्यावी. समजा, आपल्या कथेत दोन भाऊ वडिलोपार्जित घर विकण्याविषयी बोलत आहेत आणि त्यातला एक म्हणतो, “तुला ठाऊकच आहे, आईच्या पश्चात हे घर आपल्या दोघांच्या नावावर झाले.” दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट तो केवळ वाचकासाठी बोलतो आहे, हे उघड आहे. अशा वेळी अर्नेस्ट हेमिंग्वे यांची १९२७ सालची ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ ही कथा उघडावी. रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणारे स्त्री-पुरुष तीत एका शस्त्रक्रियेविषयी बोलत राहतात, पण ‘गर्भपात’ हा शब्द एकदाही येत नाही. पहिले वाचन केवळ आस्वादासाठी करावे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे, बोलणाऱ्याला प्रत्यक्षात काय हवे आहे, ते समासात लिहावे. तिची इच्छा नसेल तर आपला आग्रह नाही, असे पुरुष पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आपल्याला समासात ‘आग्रह’ असेच लिहावे लागते. एवढे हाताने केल्यावर आपल्या भावांकडे परतावे. “पायरी कधी फुटली?” “दोन वर्षे झाली. तू आज पाहिलीस.” घरात कोण राहिला आणि कोण निघून गेला, हे आता कोणी सांगावे लागत नाही.

शेवटासाठी वेगळी रीत आहे. कथेचा अखेरचा परिच्छेद कागदाने झाकावा, तो स्वतः लिहावा आणि मगच मूळ शेवट वाचावा. बहुतेक वेळा आपण नको तितके पुढे गेलेलो असतो. अंतोन चेखव यांची ‘कुत्रेवाली बाई’ ही १८९९ सालची कथा तर, सर्वांत अवघड भाग आता कुठे सुरू होतो आहे, अशा जाणिवेवरच संपते. ती आधी वाचलेली नसेल तर या सरावासाठी याहून चांगली कथा मला ठाऊक नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात सांगितलेली पद्धतही कथेला लागू पडते. आवडलेल्या निबंधातील प्रत्येक वाक्याच्या आशयाचे ते त्रोटक टिपण करीत, काही दिवस ते बाजूला ठेवीत, मग पुस्तक न पाहता त्यावरून निबंध पुन्हा लिहीत आणि मुळाशी ताडून आपले दोष दुरुस्त करीत. कथेच्या बाबतीत एखाद-दुसरे पान पुरते. संपूर्ण कथेइतका धीर निदान माझ्याजवळ नाही.

वाचून हताश वाटले तर दुसऱ्याची छापील कथा आणि आपला पहिला खर्डा यांची तुलना आपण करीत आहोत, हे ध्यानात घ्यावे आणि त्या दिवशी वाचन आवरते घ्यावे.

खर्डा पुरा झाल्यावर आपल्याला सर्वांत आवडणारी वाक्ये संशयाने तपासावीत. रचनेची युक्ती उसनी घेता येते, वाक्य नाही. ते मोठ्याने वाचावे. निवेदकाच्या तोंडी ते बसत नसेल तर अलीकडे वाचलेल्या कथा चाळाव्यात. माझ्या एका कथेतील पावसाचा परिच्छेद, ज्याचा मला फार अभिमान होता, तो असाच जवळजवळ जसाच्या तसा दुसऱ्या कथेत सापडला. तो काढून टाकला, आणि त्या जागी दुसरे काही लिहावेही लागले नाही.