रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेण्याआधी : नागपूरकरांसाठी तयारीची यादी

नागपूरहून ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या सर्किटवर चालवायच्या दिवसाला, जायचं तर आधी हजारेक किलोमीटर गाडी चालवायची तयारी हवी. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, दक्षिणेला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, आणखी खाली कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. यातलं एकही एका टाकीत गाठता येत नाही. ट्रेलरवर लादून नेणारे नेतात, पण आपल्यापैकी बहुतेकांकडे एकच गाडी असते आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जायचं असतं. म्हणून ‘माझी गाडी ट्रॅकवर चालेल का’ एवढंच विचारून नागपूरकराचं भागत नाही. दिवसभर पिदडल्यावर ती स्वतःच्या चाकांवर घरी परतेल का, हेही सोबत विचारावं लागतं. ही यादी त्याच हिशेबाने लावली आहे.

पहिली तपासणी गाडीच्या वजनाची, अश्वशक्तीची नंतर. शोरूममधला सेल्समन ताकद सांगतो, वजन सांगत नाही, आणि ट्रॅकवर ब्रेक, टायर, क्लच यांना जे भोगावं लागतं ते वजनामुळे. पाच लिटरची व्ही-8 मस्टँग सरळ पट्ट्यात कुणालाही मागे टाकेल, पण पावणेदोन टनांच्या आसपासचा तो ऐवज दर वळणाआधी थांबवताना साधे ब्रेक चार-पाच फेऱ्यांत दमतात. त्याउलट दीड लिटर टर्बोची व्हर्टस किंवा जुनी पोलो जीटी दिवसभर बिनतक्रार धावते. व्हर्टसला मागे ड्रम आहेत म्हणून नाक मुरडणारे भेटतात. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि बहुतेक काम पुढच्या डिस्कच करतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेंना त्या ड्रमने काही अडत नाही. उंच एसयूव्ही मात्र घरीच ठेवा, तिच्यावर स्पोर्टचा बिल्ला असला तरी.

आता ब्रेक. बाकी सगळ्यावर मिळून जेवढा वेळ घालवाल तेवढा एकट्या ब्रेकवर घाला. हिशेब सोपा आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शंकरनगर चौकाच्या सिग्नलला 60 वरून थांबताना ब्रेक जेवढी उष्णता गिळतात, त्याच्या सात पट उष्णता 180 वरून 80 वर येताना त्यांना गिळावी लागते. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या टोकाला हे घडतं, आणि दोन-अडीच मिनिटांनी पुढच्या फेरीत पुन्हा घडतं. मध्ये थंड व्हायला उसंत नाही.

ही उष्णता दोन ठिकाणी दगा देते. एक म्हणजे पॅड. रस्त्यावरचे पॅड थंडीत सकाळी पहिल्याच दाबाला धरावेत अशा मिश्रणाचे असतात. ठरावीक तापमानापुढे त्यांची पकड सुटते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी जागा ब्रेक ऑइलची, आणि ती जास्त घातक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो 155 पर्यंत चालतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरू नका. जायच्या आठवड्यात चारही चाकांना ब्लीडिंग करून (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून) नवं डॉट 4 किंवा डॉट 5.1 भरून घ्या. 5.1 ची किमान मर्यादा नव्याला 260 आणि ओल्याला 180 आहे. नुसतं ‘डॉट 5’ लिहिलेला डबा मात्र हातातही धरू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. मिस्त्री ‘ऑइल तर साफ दिसतंय भाऊ’ म्हणेल. ओलावा डोळ्यांना दिसत नसतो.

पॅडची जाडी निम्म्याहून कमी असेल तर नवे बसवा, पण आदल्या दिवशी नको. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला शे-दोनशे किलोमीटर आणि मधूनमधून जोरदार ब्रेक लागतात. जायचा प्रवासच हजाराचा आहे, तेव्हा निघण्याआधी बसवले की ते काम वाटेत होऊन जातं. नागपूरकर असण्याचा हा एक फायदा. जुने पॅड फेकू नका, डिकीत ठेवा. नवे झिजून संपले तर घरी यायला तेच कामी येतात. मोठे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), छिद्रं पाडलेल्या डिस्क वगैरेंवर पहिल्या वर्षी पैसा घालवू नये. चांगलं ऑइल आणि मध्यम दर्जाचे ट्रॅक पॅड एवढ्यात साध्या गाडीचं बहुतेक दुखणं बरं होतं.

टायर बघताना गुटीआधी (रबरावरच्या नक्षीआधी) वय बघा. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि गाडी उघड्यावर उभी असेल तर चार-पाच वर्षांत साइडवॉलवर बारीक भेगा दिसायला लागतात. असा टायर सिव्हिल लाइन्समध्ये चालेल, सर्किटवर नाही. वेगाचं अक्षरही वाचा. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे 240.

हवेचा हिशेब इथल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावा. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. सकाळी 32 भरलेला टायर चार फेऱ्यांनंतर 38 दाखवतो आणि गाडी घसरायला लागते. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबायच्या जागेत) येऊन लोक हवा कमी करतात, आणि ते बरोबरच आहे. चूक संध्याकाळी होते. टायर थंड झाला की तीच हवा 26 वर येते, आणि त्याच टायरांवर माणूस रात्री हायवेला लागतो. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला जास्त वाकतो, आतून तापतो आणि फुटतो. तेव्हा स्वतःचं गेज आणि 12 व्होल्टचा पंप सोबत ठेवा आणि निघण्याआधी हवा पूर्ववत करा. नायट्रोजनने फार फरक पडेल ही आशा नको, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

इंजिन ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं असू द्या. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, आणि पातळी कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो. पेट्रोलही पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, कारण तेच. रेडिएटरच्या जाळीतला कचरा निघण्याआधी धुऊन घ्या. ज्यांची गाडी रोज कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला असते त्यांनी तर नक्कीच, तिकडच्या वीज केंद्रांची राख सगळीकडे शिरते. मॅन्युअल गिअर असेल तर चिंता कमी. सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर सेशन छोटे ठेवा आणि पिट लेनमध्ये रांगेत रेंगाळू नका, तो क्लच धावण्यापेक्षा रांगण्याने लवकर तापतो.

चाकांचे नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. वाटेवरच्या पंक्चरवाल्याची एअर गन त्यासाठी नको. टो हुक (बंद पडलेली गाडी ओढायचा हुक) कुठे आहे ते घरीच शोधा आणि एकदा लावून बघा. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात आणि ट्रॅकवर घाईत ते आठवत नाही. मग गाडी रिकामी करा : पायपुसणी, पाण्याची बाटली, सीटखालची छत्री, स्टेपनीसुद्धा. ड्रायव्हरच्या बाजूचं पायपुसणं आधी काढा, ते सरकून पेडलखाली जातं. रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत लावायचा पाइपांचा पिंजरा) बसवायचा मोह होईल, तो टाळा. हेल्मेटशिवाय रोजच्या वापरात तो लोखंडी पाइप डोक्याजवळ असणं हाच अपघात आहे.

कागदपत्रांत विम्याची पॉलिसी उघडून ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. संघटित शर्यत, वेगचाचणी, पेस मेकिंग (दुसऱ्या गाडीला वेग धरून देणं) यांना नेहमीच्या मोटार पॉलिसीत संरक्षण नसतं. भिंतीला लागली तर खर्च तुमचा. जी गाडी मोडली तर झोप उडेल, ती ट्रॅकसाठी योग्य नाही, मग इंजिन कितीही भारी असो. आणि ‘एवढ्या लांब कशाला, शिवमडक्याला जाऊन समृद्धीवरच बघू’ म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. तिथे मोटारींना मर्यादा 120 ची आहे आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. शिवाय सरळ काँक्रीटवर दामटल्याने गाडीबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते वळणांत आणि ब्रेकमध्ये.

महिना निवडताना चेन्नईसाठी जानेवारी-फेब्रुवारी बरा. बुद्धला डिसेंबर-जानेवारीत यमुना एक्सप्रेसवेवर धुकं असतं, म्हणून फेब्रुवारीचा शेवट किंवा नोव्हेंबरची सुरुवात धरा. जाताना मुक्काम आदल्या दुपारपर्यंत गाठा. वाटेत खड्डा जोरात लागला असेल तर तिथे पोचल्यावर रिमची आतली कड हाताने चाचपून बघा.

तुमच्यापुरतं थोडकं : बंद तोंडाचं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. आयोजकांना हेल्मेटचं कुठलं मानक चालतं ते आधी फोनवर विचारा. सकाळी तर्री पोहे नकोत, तिसऱ्या वळणात तर्री आठवण करून देते. झोप पूर्ण हवी.

ट्रॅकवर पहिलं सेशन ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) चालू ठेवूनच करा. चार-पाच वेगवान फेऱ्या, मग ब्रेक जवळजवळ न वापरता एक सावकाश फेरी, मग पिट. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका. मागच्या तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरले जातात आणि नंतर ब्रेक मारताना गाडी थरथरते. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. पेडल जरा जरी मऊ लागलं तरी दिवस तिथेच संपला असं समजा, पैसे भरलेले असले तरी. शेवटचं सेशन सोडून देणारे लोक सहसा गाडी चालवत घरी जातात.

त्याच संध्याकाळी नागपूरकडे निघू नका. रात्री मुक्काम करा. सकाळी गार गाडीवर नट पुन्हा आवळा, हवा भरा, पॅडची जाडी चाकाच्या फटीतून टॉर्चने बघा, इंजिन ऑइलची काडी तपासा. पहिले वीस किलोमीटर सावकाश चालवून कान देऊन ऐका. घासल्याचा आवाज आला तर डिकीतले जुने पॅड आहेतच. नागपुरात पोचलात की आठवड्याभरात ब्रेक ऑइल पुन्हा बदला आणि पॅड किती मिलिमीटर उरले ते लिहून ठेवा. पुढच्या ट्रॅक डेचं बजेट त्याच आकड्यावरून ठरेल.