थिसिस, असाइनमेंटमध्ये एआय वापरताय? मग आधी हे करा

एआय वापरायचं की नाही यावर वाद घालत बसण्यात आता काही अर्थ नाही, वापरणारे वापरतातच. खरा प्रश्न एवढाच की कशासाठी वापरलं, आणि उद्या कुणी विचारलं तर ते सरळ सांगता येईल का. जे सांगायला लाज वाटेल ते करू नका, माझा नियम इतकाच आहे, बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

सुरुवातीलाच गाईडला विचारून घ्या की कितपत चालेल, आणि तोंडी नको, मेलवर विचारा म्हणजे उत्तर हाताशी राहतं. एका विषयाला व्याकरण तपासून घेतलेलं चालतं, दुसऱ्याला तेही चालत नाही, त्यामुळे मित्राला चाललं म्हणून आपल्यालाही चालेल असं धरून चालू नका.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे तोंडघशी पडतात ती गोष्ट म्हणजे संदर्भ. चॅटजीपीटीला एखाद्या विषयावरचे पाच पेपर मागितले की तो छातीठोकपणे पाच देतो, लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष, पान नंबर सगळं जागच्या जागी, फक्त तो पेपर कित्येकदा कुणी कधी लिहिलेलाच नसतो! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५००० डॉलर दंड भरला. म्हणून प्रत्येक संदर्भाचं पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हात टाकून गूगल स्कॉलरवर शोधा, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) दिला असेल तर तो उघडून बघा, कारण कधीकधी डीओआय खरा असतो पण उघडतो भलताच पेपर. आणि पेपर सापडला म्हणजे काम संपलं असंही नाही, तुम्ही जे वाक्य त्याच्या नावावर खपवताय ते त्यात आहे का हे वाचल्याशिवाय कळणार नाही. निदान तो भाग तरी वाचाच. न वाचलेला पेपर यादीत टाकणं ही एआयच्या आधीपासूनची लबाडी आहे म्हणा, आता ती जास्त सोपी झाली इतकंच.

लिहिण्याच्या बाबतीत, पहिला ड्राफ्ट स्वतःचा असू द्या, कितीही ओबडधोबड असला तरी. मग एआयला 'हे सुधारून दे' म्हणण्यापेक्षा 'यात माझा युक्तिवाद कुठे कच्चा आहे' असं विचारा, दुरुस्ती तुम्ही करा. तयार परिच्छेद उचलला की व्हायवाला त्यातला एक शब्द जरी विचारला तरी ततपप होतं.

ड्राफ्ट जपून ठेवा, व्हर्जन हिस्टरी (फाइलमध्ये कधी काय बदललं याची नोंद) चालू ठेवा, चॅटही सेव्ह करा. हे प्रामाणिक माणसानेच जास्त करायला हवं, कारण एआय पकडणारी सॉफ्टवेअर्स बेभरवशाची आहेत. ओपनएआयने स्वतःचं असं टूल जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंदही केलं. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे अर्ध्याहून जास्त निबंध अशा टूल्सनी एआयचे ठरवले होते, म्हणजे आपल्यासारख्यांनी तर सावधच राहावं.

मग वापर जाहीर कसा करायचा? फार मोठं प्रकरण नाही, पद्धतीच्या भागात किंवा आभाराच्या पानावर एक-दोन ओळी: 'प्रकरण २ ची भाषा तपासण्यासाठी चॅटजीपीटी (अमुक व्हर्जन) वापरलं, सुचवलेले बदल मी स्वतः तपासून स्वीकारले, विश्लेषण आणि संदर्भ माझे आहेत.' टूलचं नाव, व्हर्जन, कशासाठी वापरलं, बास. एआयला सहलेखक मात्र करू नका, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच ते नाकारलंय, कारण चूक निघाली तर जबाबदारी घ्यायला ते येणार नाही.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, दुसऱ्याचा मजकूर. रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी तपासायला आलेला दुसऱ्याचा पेपर चॅटबॉटमध्ये टाकला की गोपनीयता गेलीच, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने तर जून २०२३ मध्ये निधीसाठी आलेले अर्ज तपासणाऱ्या आपल्या रिव्ह्यूअर्सना असं करायला साफ मनाई केली. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींचंही तेच, संमतीपत्रात अशा टूलचा उल्लेख नसेल तर त्या तिथे टाकू नका, नुसतं नाव काढून भागत नाही, हुद्दा आणि वय वाचूनही माणूस ओळखू येतो.